चौथी ओळ

"दिसलं का?" मी जिन्यातूनच ओरडलो.

"पान दिसलं," गच्चीवरून हर्षदाचा आवाज आला. "पण वाक्य कालचं आहे."

म्हणजे हँडसेटने पुन्हा आळस केला होता. सर्व्हरकडून नवं पान मागवायचं सोडून त्याने स्वतःपाशी साठवून ठेवलेलं कालचं शिळं पान तिच्यापुढे मांडलं होतं. मी खोलीत जाऊन प्रोग्रामात थोडा बदल केला आणि पुन्हा जिन्यात येऊन उभा राहिलो. या वेळी तिने वरून सावकाश, एकेक शब्द सोडवत वाचलं, "पद्माकरच्या म्हाताऱ्याने कुऱ्हाड विकली."

"कुऱ्हाड नीट दिसते?"

"कुऱ्हाड झकास. म्हातारा जरा डावीकडे कललाय."

शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्या बाई हातातलं काम थांबवून आमच्याकडे बघत होत्या. त्यांना काय वाटलं असेल ते देव जाणे.

ही गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. कर्वे रस्त्याच्या एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी होती. खाली गिऱ्हाइकं एक डोळा झाकून तक्त्यावरची अक्षरं ओळखायची आणि वर आम्ही तेच करायचो, फक्त आमचा तक्ता काडेपेटीएवढा होता. मोबाइल फोनवर इंटरनेटची पानं मराठीत दाखवणारा ब्राउझर आम्ही बनवत होतो. फोनला तेव्हा मराठी अक्षर म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं. म्हणून प्रत्येक अक्षर आम्ही ठिपक्यांनी काढलं होतं, काना-मात्रेसकट. जोडाक्षरं नीट उमटतात का ते बघायला पद्माकरच्या म्हाताऱ्यासारखी वाक्यं लागायची. मोठं पान फोनच्या पोटात मावायचं नाही, तर ते आमचा सर्व्हर आधी स्वतः मागवायचा, त्यातली चित्रं-बित्रं छाटायचा आणि उरलेला मजकूर बोटभर पडद्यावर बसेल असा करून पाठवायचा. हे सगळं आज कुणाला सांगितलं तर लोक चुलीवरच्या स्वयंपाकाबद्दल ऐकावं तसं ऐकतात.

कंपनी राजहंस सरांची. टेलिफोन खात्यातली पक्की नोकरी सोडून ते या भानगडीत पडले होते. माणूस सज्जन, पण कामात शिस्तीचा. त्यांचा एक दंडक होता. भिंतीवर एक पांढरा फळा होता. चाचणी करणाऱ्याला जी चूक सापडेल ती त्या फळ्यावर त्याच्या नावाच्या अक्षरासह लिहायची. ती चूक दुरुस्त झाली, तरी दुरुस्त करणाऱ्याने फळ्याला हात लावायचा नाही. ज्याला चूक दिसली, त्यालाच तेच पान पुन्हा दाखवायचं, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं आणि मग त्यानेच ती ओळ पुसायची. "स्वतःचा पेपर स्वतः तपासायचा नाही," असं सर म्हणत.

चुका करणारा बहुतेक मी असायचो आणि पकडणारी हर्षदा शेजवळ. ती संगमनेरची. गणित घेऊन बीएस्सी झालेली, वर्षभरापूर्वी आमच्याकडे लागलेली. अंगाने किरकोळ, पण एकदा एखादी गोष्ट धरली की सोडणं माहीत नाही. डावीकडे कललेला तो म्हातारा तिने आठवडाभर फळ्यावर ठेवला. मी तीनदा सरळ केला, तीनदा तिने फोन डोळ्यांशी नेऊन पाहिलं आणि मान हलवली. चौथ्यांदा मात्र उठली आणि पुसून आली. मला परीक्षा पास झाल्यासारखं वाटलं.

मी एकटा होतो. आईवडील थोरल्या भावाकडे इंदूरला, मी एरंडवण्यात एका खोलीत, जेवण खानावळीत. पुण्यात माझ्या ओळखी होत्या, पण मी आज आलो नाही तर कुणाला चुकल्यासारखं वाटेल, असं माणूस नव्हतं. रविवार तर अंगावर यायचा. सोमवारी जिना चढताना वरून हर्षदाचा "आलास का रे?" असा आवाज आला की शनिवारी थांबलेलं आयुष्य पुन्हा सुरू व्हायचं. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. सांगायचं म्हटलं की मी भलतंच काही बोलून बसायचो.

त्या हिवाळ्यात एका परदेशी हँडसेट कंपनीने आमच्या ब्राउझरमध्ये रस दाखवला. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, की पुण्या-मुंबईत चाललं ते ठीक, लहान गावांतल्या मरतुकड्या रेंजमध्ये चालतं का ते दाखवा. तेव्हा हर्षदाने नमुन्याचा हँडसेट घेऊन सोलापूर, लातूर, नांदेड असं फिरायचं ठरलं. सगळीकडे सरांच्या टेलिफोन खात्यातल्या जुन्या मित्रांची घरं होती, तिथे तिची राहायची सोय झाली. हँडसेट फक्त पानं उघडायला वापरायचा. बोलायला तिने रोज संध्याकाळी एसटीडी बूथवरून ऑफिसात फोन करायचा.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही खालच्या टपरीवर चहा घेत होतो. तिने बशीत चहा ओतता ओतता सांगितलं, की दादाने एक स्थळ आणलंय. नाशिकचा मुलगा आहे, वीज मंडळात इंजिनीअर. माणसं चांगली आहेत, ती परत आली की उत्तर द्यायचंय.

मी म्हटलं, छान.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

आता इथे मी काय बोलायला हवं होतं ते शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मी म्हणालो, "नाशिकची हवा चांगली आहे."

तिने बशी तोंडाला लावली.

ती गेली आणि ऑफिस ओकंबोकं झालं. आता माझं काम एवढंच, की रोज सकाळी चाचणीच्या पानावर नवं वाक्य टाकायचं. ते पान आम्ही मुद्दाम ठेवलं होतं, त्यावर एका वाक्याशिवाय काही नसायचं. ते फक्त तिच्याच हँडसेटवर उघडायचं. वाक्य रोज बदललं म्हणजे फोनने नवं पान आणलं की शिळं पुढे केलं ते लगेच कळायचं. संध्याकाळी फोन आला की सर विचारायचे, "वाक्य?" आणि ती वाचून दाखवायची. फोन सरांच्या टेबलावर. माझं टेबल हातभर अंतरावर. बोलणार सर, ऐकणार मी.

पहिले काही दिवस मी नेहमीची अगडबंब जोडाक्षरी वाक्यं टाकली. मग एका सकाळी काही सुचेना, म्हणून लिहिलं, "खानावळीत आज पुन्हा दुधी." संध्याकाळी तिने ते वाचून दाखवलं आणि पुढे म्हणाली, "सर, निरंजनला सांगा, सोलापुरात शेंगाची चटणी मिळते, येताना आणते."

सरांनी निरोप दिला आणि वर म्हणाले, "पोतनीस, वाक्यात जोडाक्षरं कमी पडतायत."

मला कुणाची पर्वा नव्हती. दुसऱ्या दिवशी मी लिहिलं, "शेजारच्या बाईंचे पापड कावळ्याने पळवले." त्याच्या दुसऱ्या दिवशी, "तुझ्या खुर्चीत आता सरांची पिशवी बसते." ती ही वाक्यं सरांना अगदी कोऱ्या आवाजात वाचून दाखवायची, पण शेवटचा शब्द जरा रेंगाळायचा. तेवढ्यावरून मला कळायचं की ती हसतेय. दिवसभरात माझं कुणाशी खरं बोलणं होत असेल तर ते त्या एका वाक्यातून. खोलीवर परत जाताना मी उद्या काय लिहायचं याचाच विचार करत असे. इतकं सोपं होतं ते. समोर असताना जे माझ्याने होत नव्हतं, ते या काडेपेटीएवढ्या पडद्यावर होत होतं.

ती लातूरहून नांदेडला पोहोचली तेव्हा सरांना तिच्या दादाचा फोन आला. हर्षदाला नांदेडहून परस्पर संगमनेरला पाठवा, पाहुणे येतायत, असं त्याने विनंतीने सांगितलं. सरांनी कबूल केलं. मी कीबोर्डवर बोटं ठेवून बसलो होतो. ती मंडळी एकदा घरात येऊन बसली की सगळं ठरल्यासारखंच होतं, हे मला कळत होतं.

दोन दिवसांनी गुरुवार होता आणि गुरुवारी सर मुंबईला जाणार होते, त्या हँडसेट कंपनीच्या माणसांना भेटायला. म्हणजे संध्याकाळचा फोन मी उचलणार. सकाळी सर निघाले, जिन्यावरची त्यांची पावलं विरेपर्यंत थांबलो आणि मग चाचणीच्या पानावरचं आदल्या दिवशीचं वाक्य काढून हे टाकलं:

तू पुण्याला
परत आलीस की
माझ्याशी
लग्न करशील?

टाकलं तरी मागे घेता येत होतं, पान माझ्याच हातात होतं. दुपारपर्यंत मी दहादा ते पुसायला गेलो आणि दहादा हात मागे घेतला. जेवायला गेलो नाही. सर्व्हरवर दिसायचं की ते पान कुणी मागवलं का. चारच्या सुमारास ते मागवलं गेलं. थोड्या वेळाने पुन्हा. मग आणखी एकदा.

साडेपाचला जिन्यावर पावलं वाजली आणि राजहंस सर दारात उभे. मुंबईची बैठक पुढे ढकलली होती. तिथे पोहोचल्यावर ते कळलं, तसे ते लगेच परतले होते. त्यांनी पिशवी हर्षदाच्या खुर्चीत ठेवली, घाम पुसला आणि पाणी पिऊन टेबलाशी बसले. तेवढ्यात फोन वाजला.

मी उठलो होतो. सरांचा हात आधी पोहोचला.

"हां, बोल हर्षदा. रेंज कशी आहे?" सर म्हणाले. मग ऐकत राहिले, मान हलवत राहिले. "बरं. वाक्य?"

माझी पाचावर धारण बसली. ती आता ते वाचून दाखवणार, आणि सर ते माझ्यासमोर ऐकणार. पलीकडे काही क्षण नुसती खरखर असावी, कारण सर दोनदा "हॅलो" म्हणाले.

"नवीन आहे ना? मग वाच की," सर म्हणाले. थांबले. "मोठं आहे? बरं, राहू दे, बूथवाल्याचं मीटर पळतंय. काही चूक?" त्यांनी पेन उचललं, फोन कानाशी धरूनच उठले आणि वायर ताणत फळ्यापर्यंत गेले. तिथे त्यांनी लिहिलं:

ह. – चौथी ओळ खालून झाकली जाते. वाचता येतं.

"निरंजन आहे का?" असं तिने विचारलं असावं, कारण सर म्हणाले, "आहे, पण आता त्याला याच्यामागे लावतो. ठेव तू." आणि फोन ठेवला.

चूक खरीच होती. पडद्याच्या तळाशी 'पुढे' आणि 'मागे' या दोन बटणांची पट्टी असायची, ती सर्व्हरच पानाबरोबर पाठवायचा, आणि ती चौथ्या ओळीच्या पायावर चढत होती. मोठी पानं वर सरकवून वाचायची, तिथे ते कळायचं नाही, आणि तोवर माझं एकही वाक्य तीन ओळींच्या पुढे गेलं नव्हतं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी फळ्याकडे बघत बसलो. एका माणसाने आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि त्याला उत्तर आलं, की तुमची शेवटची ओळ खालून झाकली जाते. मला आधी हसू आलं, मग लाज वाटली. ती नाही म्हणत होती, आणि मला दुखवू नये म्हणून चाचणीवालीच्या भाषेत म्हणत होती, असं मला स्वच्छ दिसलं. सरांनी विचारल्यावर ती गप्प राहिली, माझा मान राखला, आणि विषय पट्टीवर नेला. याहून सभ्य नकार कुणी दिला असता? मी मनातून तिचे आभारसुद्धा मानले.

संध्याकाळीच मी ती पट्टी खाली सरकवली. अर्ध्या तासाचं काम. आता नियमाप्रमाणे तेच पान तिला पुन्हा दाखवायला हवं होतं. पण एकदा अंगाशी आलेली गोष्ट पुन्हा कोण करतो? मी ते वाक्य काढून टाकलं आणि त्या जागी चार ओळींचं दुसरं, निरुपद्रवी वाक्य ठेवलं: "पद्माकरच्या म्हाताऱ्याने ब्रह्मदेशात कुऱ्हाड विकली."

शुक्रवारी पान कुणी मागवलं का ते मी सर्व्हरवर बघितलंच नाही. संध्याकाळी तिने ते वाचून दाखवलं. आवाज कोराच होता, पण शेवटचा शब्द या वेळी रेंगाळला नाही.

"चारी ओळी दिसतात?" सरांनी विचारलं आणि मला ऐकू यावं म्हणून मोठ्याने म्हणाले, "दिसतात म्हणते. मग पुसू का ग ते फळ्यावरचं?"

तिने काहीतरी सांगितलं. सर हसले. "बरं बाई, तुझा नियम आणि तू. नाही पुसत." फोन ठेवल्यावर ते मला म्हणाले, की राहू द्या म्हणते, मी आल्यावर बघेन. भारी चिवट पोरगी आहे.

शनिवारीही मी दुसरंच काहीतरी लिहिलं, दुधीबद्दल. रविवारी ती संगमनेरला गेली.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. ती आठ-दहा दिवसांनी पेढे घेऊन आली. सरांनी तोंडभरून आशीर्वाद दिले. मला पेढा देताना ती म्हणाली, "दोन घे." मी दोन घेतले. साखरपुडा झाला होता, लग्न लवकरचं निघालं होतं, महिनाअखेर ती नोकरी सोडणार होती. शेंगाची चटणी तिने आठवणीने आणली होती. ती मी खानावळीत पुरवून पुरवून खाल्ली. तेवढ्या दिवसांत आम्ही कामापुरतं बोललो. मी तिच्या बाजूला बघायचं टाळत असे, आणि बघितलं तर ती माझ्याकडेच बघत असायची, असं मला वाटायचं. एकटा माणूस असं बरंच काही वाटून घेतो, म्हणून मी स्वतःलाच दटावलं.

शेवटच्या दिवशी सर तिला म्हणाले, "जायच्या आधी फळ्यावरचं तुझं सगळं मिटवून जा. मागे राहिलं तर कोण पुसणार?"

ती हँडसेट घेऊन बसली. मी एकेक पान दाखवायचो, ती बघायची, उठून ओळ पुसून यायची. दुपारपर्यंत तिच्या 'ह' च्या सगळ्या ओळी गेल्या. एकच राहिली.

"ही अजून आहे?" सर चष्मा वर करून म्हणाले. "ती तर कधीच दुरुस्त झाली ना?"

"झाली असेल, सर. पण मला पुसता येत नाही," हर्षदा म्हणाली. "ते पान मला परत दाखवलेलं नाही."

"पोतनीस?"

"दुसरं दाखवलं होतं, सर. चार ओळींचंच," मी म्हणालो.

"दुसरं कशाला? तेच दाखवायचं हे काय आज ठरलंय? टाक बघू तेच वाक्य."

"मला आता ते आठवत नाही."

"मला आठवतं," हर्षदा म्हणाली.

सर म्हणाले, मग सांग की त्याला. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "नको. त्यालाच लिहू दे. आठवेल."

सर पुन्हा त्यांच्या कागदांत डोकं घालून बसले. मी कीबोर्डकडे वळलो. चार ओळी लिहायला कितीसा वेळ लागतो, पण 'लग्न' हा शब्द माझ्याकडून दोनदा चुकला. पान सर्व्हरवर चढवलं. मान वर न करता म्हटलं, "उघड."

तिने बटण दाबलं. पान यायला तेव्हा वेळ लागायचा, पडद्यावर एक रेघ हळूहळू भरत जायची. मी ती रेघ न बघताही मोजत होतो. मग ती भरली असावी. पडद्याचा दिवा बॅटरी वाचवायला आपोआप विझायचा, तसा तो विझला. तिने एक बटण दाबून तो पुन्हा लावला. थोड्या वेळाने तो परत विझला, तिने परत लावला.

"काय ग?" सरांनी विचारलं.

"आता पूर्ण दिसतं," ती म्हणाली.

ती फळ्याशी गेली. इतके आठवडे राहिलेली शाई वाळून घट्ट झाली होती, डस्टरने निघेना. तिने पाण्याच्या भांड्यात रुमाल बुडवला आणि पाठमोरी उभी राहून ती ओळ घासून घासून काढली.

संध्याकाळी तिची बॅग घेऊन मी खाली गेलो. रिक्षा मिळायला वेळ लागत होता. दुकानाच्या बाहेर काचेत चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा ओळीने मांडलेल्या होत्या, आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत उभे होतो. शेवटी मीच विचारलं, की त्या दिवशी फोनवर तू तसं का म्हणालीस.

"सर होते फोनवर. दुसरं काय बोलणार होते?" ती म्हणाली. "मी सांगितलं ना, वाचता येतं म्हणून. चूक सांगताना कुणी ते सांगतं का? मला वाटलं, तेवढ्यात तुला कळेल."

"मला वाटलं तू टाळलंस."

"टाळायचं असतं तर सरांना पुसा म्हटलं असतं."

एक रिक्षा आली, ती दुसऱ्याच कुणी थांबवली.

"शुक्रवारी मी सकाळपासून पान उघडत होते," ती म्हणाली. "परत येईल म्हणून. उत्तर तयार ठेवलं होतं, त्या एसटीडीवाल्याला म्हटलं होतं, आज फोन जरा लांबेल. तर तुझा म्हातारा कुऱ्हाड घेऊन आला. शनिवारी दुधी. मग मला वाटलं, रोजच्यासारखंच एक वाक्य असेल. चौथी ओळ बसते का बघायला लिहिलं असेल."

"नाही ग. खरं होतं ते."

"हो," ती म्हणाली. "आज बघितलं."

मी म्हणालो, अजून काही करता येणार नाही का. तिने मान हलवली. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आणि तो माणूस चांगला होता, त्याला काय सांगणार होती ती? रिक्षा आली. मी बॅग आत ठेवली. बसल्यावर तिने माझ्या मनगटावर हात ठेवला, जरासा दाबला, आणि रिक्षावाल्याला शिवाजीनगर म्हणून सांगितलं.

मी वर आलो. सर म्हणाले, गुणी मुलगी, तिच्यासारखी बारकाईने बघणारी आता मिळणं कठीण. आणि मग सहज विचारलं, "काय होतं रे ते वाक्य?"

"चार ओळींचं होतं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन मी सवयीने ते पान उघडलं. वाक्य तिथेच होतं. बदलायचं काही कारण नव्हतं. ते वाचायला आता बाहेरगावी कुणी नव्हतं.